नागपूरहून नामदफा, फोर बाय फोरने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरकराला जंगल शिकवायला जाऊ नये. पहाटे तीनला उठून मोहर्लीच्या गेटवर रांग लावणं, सिल्लारीला एक मुक्काम टाकणं, उमरेड-कऱ्हांडल्याला दिवसभरात जाऊन येणं, हे इथे नातेवाइकांकडे जाण्याइतकं नेहमीचं. म्हणूनच अरुणाचलातल्या नामदफाबद्दल आम्हाला जे विचारतात, त्यातले निम्मे प्रश्न ताडोबा डोक्यात ठेवून आलेले असतात. आम्ही दोनदा जाऊन आलो. एकदा नागपूरपासून स्वतःची गाडी चालवत, एकदा विमानाने जाऊन तिकडे गाडी भाड्याने घेऊन. पहिल्या खेपेला आमच्याही डोक्यात ताडोबाच होतं आणि त्याची किंमत आम्ही मोजली. ती पुढे येईलच.

नामदफा नेमकं आहे कुठे? आणि एवढ्या लांब जायचं काहून?

अरुणाचल प्रदेशाच्या पार पूर्वेला, चांगलांग जिल्ह्यात, म्यानमारच्या सीमेला टेकून. १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प असे दोन्ही दर्जे मिळाले. क्षेत्रफळ सुमारे १,९८५ चौरस किलोमीटर, म्हणजे कोअर-बफर मिळून ताडोबा-अंधारी जेवढं आहे (सुमारे १,७२७) त्याहून थोडं मोठं. या तुलनेवर फार जाऊ नका. नामदफा समुद्रसपाटीपासून २०० मीटरवर सुरू होतं आणि दाफा बुम शिखरावर ४,५७१ मीटरला संपतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे पावणेतीन कळसूबाया एकावर एक रचा. पायथ्याला वर्षावन, माथ्यावर बर्फ आणि मध्ये जंगलाचे जेवढे प्रकार असू शकतात तेवढे सगळे.

आता "काहून"चं उत्तर. वर्षावन म्हटलं की विषुववृत्ताजवळचा प्रदेश आठवतो. नामदफा २७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, नागपूरच्याही सहा अंश उत्तरेला. तिथे खरं तर असं जंगल असायला नको. पण पटकाईच्या रांगा आणि दाफा बुमचा पहाड नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा ओलावा कोंडून धरतात, उत्तरेचे उंच डोंगर थंड वारे अडवतात आणि या खोबणीत सदाहरित वन टिकून राहतं. होलाँगची झाडं ४० मीटरच्याही वर सरळसोट जातात, पहिली फांदी शोधायला मान मागे टाकावी लागते. आपल्या सागाच्या जंगलात मार्चमध्ये पार पलीकडचं दिसतं. इथे दहा पावलांवरचं दिसत नाही.

तिथे ताडोबासारखी जिप्सी सफारी असते का?

नाही. हे एकच उत्तर नीट समजलं तर बाकीचं पान अर्धवट वाचलं तरी चालेल.

सकाळ-संध्याकाळची फेरी, ठरलेले रूट, पाणवठे, "कॉल आला" म्हणून उधळणाऱ्या गाड्या, यातलं काहीही नामदफात नाही. जंगलातून जाणारा रस्ता एकच, मियाओ ते विजयनगर, सुमारे १५७ किलोमीटरचा. लोक त्याला एम.व्ही. रोड म्हणतात. मियाओपासून साधारण २५ किलोमीटरवर, नोआ-दिहिंग नदीच्या काठी देबान नावाची जागा आहे, तिथे वनखात्याचं विश्रामगृह. तुमची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, तुम्हाला देबानपर्यंत पोचवते. जंगल बघायचं तर तिथून पायी.

त्यामुळे "गाडीतून जंगल बघू" असं घरी सांगून निघू नका. गाडी इथे बैलगाडीसारखी आहे, माणूस आणि सामान वाहून नेणारी.

वाघ दिसेल का?

नाही दिसणार, असं धरून चला. वाघ, बिबट्या, क्लाउडेड लेपर्ड आणि वरच्या बर्फाळ भागात हिमबिबट्या, अशा चार मोठ्या मांजरांसाठी नामदफाचं नाव घेतलं जातं. पण इथला वाघ मुळात विरळ, जंगल दाट, आणि गाडीला सरावलेला वाघ हा प्रकार तिथे नाही.

दिसतं काय, त्यापेक्षा ऐकू काय येतं हे विचारा. पहाटे देबानला अंगणात उभे राहिलात तर नदीपलीकडून हूलॉक गिबनची जोडी सुरू होते. आधी एकाचा आवाज, मग दुसऱ्याचा त्यावर चढता, आणि पाच मिनिटांत सगळा डोंगर भोंग्यासारखा वाजायला लागतो. हा भारतातला एकमेव कपी, बिनशेपटीचा. आपल्या रामटेकच्या माकडांशी त्याची गल्लत करू नका. तो जमिनीवर फारसा उतरतच नाही. धनेश उडत जातात तेव्हा पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो आणि मान वर करेपर्यंत पक्षी गेलेला असतो. नदीकाठी नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा बगळा, जो जगभरातच अतिशय दुर्मीळ आहे.

आणि एक प्राणी आहे जो कोणालाच दिसत नाही. नामदफाची उडती खार. १९८१ मध्ये देबानच्या भागात मिळालेल्या एकाच नमुन्यावरून तिची नोंद झाली, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतले शास्त्रज्ञ विश्वमय विश्वास यांचं नाव तिला दिलं गेलं. रात्री टॉर्च घेऊन झाडांवर बघत आम्हीही मान अवघडून घेतली. वाघ न दिसल्याचं दुःख होण्यापेक्षा ही खार न दिसल्याचं होऊ द्या, जरा वेगळं वाटतं.

मग साधी गाडी का नको? फोर बाय फोर लागतेच का?

मियाओपर्यंत साधी गाडी जाते. पुढच्या २५ किलोमीटरचं उत्तर आदल्या रात्रीच्या पावसावर अवलंबून. सलग आठ कोरडे दिवस मिळाले तर चांगल्या उंचीची साधी बोलेरोही देबानला पोचते. एक सर पडली की तोच रस्ता गाळ, गुळगुळीत धोंडे आणि वरून आलेली ताजी दरड यांचा होतो. गेल्या काही वर्षांत रस्त्याचं काम झालंय, पण डोंगर कच्चा आहे, तो काम बघून थांबत नाही. अरुणाचलात हिवाळ्यातही पाऊस येतो, हे नागपूरच्या माणसाच्या लवकर पचनी पडत नाही.

माझ्याकडे थार आहे. चालेल ना?

आधी गाडीत बसा आणि गिअरच्या दांड्याशेजारी दुसरी छोटी दांडी आहे का बघा. हसू नका. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते, आणि धरमपेठेत फिरणाऱ्या बऱ्याच थार तशाच आहेत. दिसायला तीच, दिमाख तोच, पण नामदफाच्या गाळात ती एक उंच हॅचबॅक. फोर बाय फोर प्रकारात फोर हाय आणि फोर लो असे दोन टप्पे असतात. यातला फोर लो महत्त्वाचा, कारण त्यात चाकं हळू फिरतात आणि जोर वाढतो.

जिम्नी चालते, आणि चांगली चालते. वजनाला हलकी, म्हणून जिथे जड गाडी रुतते तिथून ती निसटते. प्रत्येक जिम्नीत फोर लो येतोच, तपासायची गरज नाही. अडचण सामानाची, चार माणसं आणि त्यांच्या पिशव्या असं दोन्ही बसत नाही. गुरखा उत्तमच. शहरी ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही, ज्यात फोर लो नसतो, ती कोरड्या दिवसात नेता येईल, पण आम्ही नेणार नाही.

नागपूरहून स्वतःची गाडी न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी?

एका बाजूने अडीच हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. गाडी चालवणं हीच तुमची सुट्टी असेल तर न्या. जंगल बघायचं असेल तर नेऊ नका. आम्ही पहिल्या खेपेला नेली, जाऊन-येऊन वीस दिवस गेले, त्यातले नामदफात चार. दुसऱ्यांदा विमानाने कोलकातामार्गे दिब्रुगडला उतरलो, तिथून मियाओ, आणि मियाओत तिथल्याच माणसाची चालकासह फोर बाय फोर घेतली. दहा दिवसांत सहा दिवस जंगल मिळालं.

तिथल्या चालकाचा फायदा नुसता दिवसांचा नाही. त्याला कुठला नाला कालपासून फुगलाय, कुठली दरड आज पडणार, हे कळतं. आमच्या चालकाने एके ठिकाणी काही कारण न सांगता गाडी थांबवली, उतरून बिडी ओढली, वर बघितलं आणि मग सुसाट निघाला. नंतर सांगितलं की वरचे दगड सुटत होते, थांबतात का ते बघत होता.

भाड्याच्या गाडीबाबत एक सावधगिरी. आम्ही आधी फोनवरून एका एजंटाकडे "फोर बाय फोर" ठरवली होती. आली ती टू-व्हील-ड्राइव्ह, मागे स्टिकर मात्र फोर बाय फोरचा. आगाऊ पैसे परत मिळाले नाहीत. गाडीच्या आतल्या दांडीचा किंवा बटणाचा फोटो मागवा, मगच पैसे पाठवा.

गाडी न्यायचीच असेल तर रस्ता कसा?

शिवनी, जबलपूर, रीवा करून वाराणसीकडे, तिथून बिहार ओलांडून सिलिगुडी. पुढे डुआर्समधून आसाम, गुवाहाटी, नगाव, काझीरंगा, जोरहाट, तिनसुकिया. मग दिगबोई, मार्घेरिटा, लेडो आणि खारसांगवरून मियाओ. दिगबोईला १९०१ पासून चालू असलेला तेलशुद्धीकरण कारखाना आहे. लेडो म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला स्टिलवेल रोड जिथून निघायचा ते गाव. कोळशाच्या खाणी बघून आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरची आठवण येते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काझीरंग्याजवळ प्राण्यांच्या वाटांवर ताशी ४०ची मर्यादा असते, ती पाळाच. रस्ता मोकळा दिसतो म्हणून पाय दाबू नका, हत्ती आणि गेंडे तिथून खरंच ओलांडतात. आणि रात्रीचा प्रवास सिलिगुडीनंतर बंद. पूर्वेला सूर्य लवकर बुडतो. नागपूर आणि मियाओ यांच्या रेखांशात जवळपास सतरा अंशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सुमारे अडुसष्ट मिनिटं. घड्याळ मात्र तेच. डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारला अंधार पडायला लागतो. आपल्या सवयीने "जेवून निघू, सहापर्यंत पोचू" असं ठरवलं की शेवटचा दीड तास काळोखात जातो.

परवाने कोणते लागतात?

अरुणाचलात जायला भारतीय नागरिकालाही इनर लाइन परमिट लागतं. ही पद्धत १८७३ च्या इंग्रजी नियमातून आलेली आहे. ऑनलाइन मिळतं, नागपुरात बसून होतं. प्रत्येक माणसाचं वेगळं काढा आणि कागदावर छापून दोन-तीन प्रती ठेवा, कारण चौकीवर मोबाइल दाखवायला मोबाइल चालू असावा लागतो. त्याशिवाय उद्यानात शिरायची परवानगी आणि देबानच्या खोल्या मियाओच्या वनखात्याच्या कार्यालयातून होतात. महिनाभर आधी संपर्क करा आणि पोचल्यावर सगळ्यात आधी तिथेच जा. वाटाड्या, सामान वाहणारे मदतनीस, नदीवरची नाव, सगळ्याची व्यवस्था तिथूनच लागते.

कधी जावं?

नोव्हेंबर ते मार्च. थंडीत नदी उतरलेली असते. एप्रिलपासून पाऊस धरतो आणि मग मे ते सप्टेंबर नावच काढू नका. देबानची उंची नागपूरपेक्षा थोडीशीच जास्त, म्हणून "थंडी कसली" असं वाटेल. पण जानेवारीत नदीकाठचं धुकं हाडात शिरतं. जर्किन घ्या.

गाळ, धोंडे, नाले: गाडी चालवायची कशी?

आपल्याकडच्या पांदण रस्त्यावर पहिल्या पावसात ज्याने गाडी घातली आहे त्याला अर्धी विद्या येते. काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायरचा लाडू होतो. नामदफातला गाळ वेगळा आहे, तो नदीचा, रेवमिश्रित. तो चिकटत कमी, सरकतो जास्त. आणि त्याखाली धोंडा कुठे आहे ते दिसत नाही.

हवा कमी करा. डांबरावर ३२ पीएसआय असेल तर गाळात २२-२४ पर्यंत उतरवा. टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, धोंड्यावर आपटत नाही. पण मग वेग हळू ठेवा, आणि परत डांबरावर आल्यावर हवा भरा, नाहीतर टायर तापून फाटेल. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर सोबत हवाच, तिथे पंक्चरवाला भेटायला मियाओ गाठावं लागतं.

फोर हाय डांबरावर लावू नका. थार-जिम्नीसारख्या गाड्यांत पुढचा आणि मागचा अॅक्सल त्या वेळी एकत्र बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, हा फरक गाळात चाक घसरून निघून जातो, डांबरावर निघत नाही आणि सगळा ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो. नागपुरात रिंग रोडवर फोर हाय लावून फिरणारे दिसतात. त्यांच्या मेकॅनिकचं बरं चाललंय.

गाळ दिसायच्या आधी फोर लो लावा, रुतल्यावर नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारखा पाय, क्लचला हात न लावता म्हणतात तसं, पाय न लावता. मध्येच थांबलात की गाडी बसते. चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर लगेच पाय काढा. अजून दाबलंत तर गाडी स्वतःसाठी खड्डा खणेल. उतारावर फोर लो पहिला गिअर, ब्रेकवर पाय कमी, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

नाल्याचं सांगायचं तर, आधी माणूस उतरतो, मग गाडी. काठी घेऊन पायी पलीकडे जाऊन या. पाणी गुडघ्याच्या वर आणि पायाला ओढ जाणवते आहे, तर थांबा. थारची पाण्यातून जायची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, पण ती उभ्या पाण्याची. वाहतं पाणी गाडीच्या कुशीला ढकलतं. डोंगरातले नाले सकाळी कमी असतात आणि वर पाऊस झाला की दोन तासांत फुगतात, म्हणून थांबून बघणं हा वेळेचा अपव्यय नाही. पाण्यात गिअर बदलू नका. इंजिन पाण्यात बंद पडलं तर चावी फिरवू नका. हवेच्या वाटेने पाणी आत गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो आणि इंजिन जातं. साध्या विम्यात हे बहुधा बसत नाही, इंजिनसाठीचं वेगळं कव्हर आधी घेतलेलं असावं लागतं.

अडकलो तर?

आम्ही अडकलो. पहिल्या खेपेला, देबानच्या अलीकडे सहा-सात किलोमीटरवर. आदल्या रात्री पाऊस झाला होता. हवा कमी करायला दहा मिनिटं लागतात म्हणून केली नाही, "होऊन जाईल" म्हणालो. हे वाक्य नागपूरच्या मातीतच आहे. उजवी बाजू गाळात बसली, मी पाय दाबत राहिलो, आणि अॅक्सल टेकला. मोबाइलला रेंज नाही. एकच गाडी होतो.

तीन तासांनी रेशन घेऊन जाणारी एक बोलेरो आली. त्यातल्या, तिथल्या लिसू जमातीच्या मंडळींनी काही विचारलं नाही, बोललेही नाहीत. एकाने बांबू तोडून आणले, चाकांखाली घातले, दुसऱ्याने दोर बांधला, वीस मिनिटांत बाहेर. पैसे घ्यायला तयार नव्हते. शेवटी आमच्याकडची संत्रा बर्फी घेतली.

म्हणून: दोन गाड्या असाव्यात, किंवा तिथल्या गाडीच्या मागे जावं. ताणाचा दोर (साधा नायलॉनचा नाही, तो तुटून माणसाला लागतो), दोन शॅकल (दोर गाडीला अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं, चाकाखाली घालायच्या पट्ट्या, जॅक आणि त्याखाली ठेवायला रुंद फळी. फळी नसेल तर जॅकच गाळात जातो. दोर ताणलेला असताना सगळ्यांनी दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं राहायचं, फोटो काढणाऱ्यानेही.

गाडीत काही फेरफार करून घ्यावे लागतात का?

टायर चांगले घ्या. बाकी शोभेचं. बुल बार २०१७ पासून नियमबाह्य आहेत, आणि एमएच-४९ ची गाडी पाच राज्यं ओलांडून जाताना प्रत्येक नाक्यावर ते समजावत बसणं शहाणपणाचं नाही.

पेट्रोल-डिझेल, पैसे, नेटवर्क?

मार्घेरिटा-लेडोच्या पट्ट्यात टाकी काठोकाठ भरा, पुढच्या पंपावर विसंबू नका. फोर लो मध्ये गाडी पितेही खूप. पैसे रोख, तेही तिनसुकियातच काढलेले. मियाओत मोबाइल चालतो, पुढे तो घड्याळ म्हणून वापरा. घरी आधीच सांगून ठेवा की चार दिवस फोन येणार नाही, नाहीतर आमच्यासारखं परतल्यावर आईचे सव्वीस मिस्ड कॉल मोजावे लागतात.

जेवणाचं काय?

भात, डाळ, बटाटा, अंडी. देबानला शिजवून मिळतं, पण कच्चा माल मियाओहून न्यावा लागतो, यादी चौकीदाराला विचारून करा. शाकाहारी माणसाला अडचण नाही, चवीची मात्र आहे. आम्ही घरून काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे नेले होते. तिसऱ्या दिवशी चौकीदाराने बटाट्याच्या रश्श्यात आमचा मसाला स्वतःहून टाकला आणि वर लाल तर्री आली तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो.

मियाओ-मार्घेरिटाच्या भागात सिंग्फो लोक राहतात. ते चहा बांबूच्या नळीत भरून चुलीवर धुरवतात, फालाप म्हणतात त्याला. दुधाशिवाय, साखरेशिवाय प्यायचा. पहिल्या घोटाला धूर लागतो. दुसऱ्यापासून कळायला लागतं.

देबानच्या पुढे काय?

नाव किंवा बांबूचा हंगामी पूल वापरून नोआ-दिहिंग ओलांडायची, आणि मग चालायचं. हलदीबारी तासा-दोन तासांवर, त्यापुढे हॉर्नबिल कॅम्प, त्यापुढे बुलबुलिया, जिथे जमिनीतून बुडबुडे येणारे झरे आहेत. तंबू आणि शिधा स्वतःचा. फक्त हलदीबारीपर्यंत जाऊन संध्याकाळी देबानला परतता येतं, आणि ज्यांना पाठीवर ओझं घेऊन चालायची सवय नाही त्यांनी तेवढंच करावं. वाटाड्याशिवाय नदीपलीकडे जाऊ नका. दहा पावलांवर वाट हरवते.

जळवा, माश्या, मलेरिया, साप: कितपत भीती?

जळवांची भीती नको, तयारी हवी. मोज्यांवरून चढवायचे कापडी जळूमोजे मिळतात, ते घ्या. चावलीच तर ओढून काढू नका, नखाने बाजूने सरकवा. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते. डिमडाम नावाची बारीक काळी माशी जळवेपेक्षा वाईट; तिचा डंख आठवडाभर खाजतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, मळम.

मलेरिया खरा आहे. जायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा, मनाने घेऊ नका. परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना नामदफाला गेलो होतो हे आधी सांगा.

सापांबाबत एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषापासून बनते. ईशान्येतले हिरवे चापडे आणि तिथले इतर विषारी साप वेगळे, त्यांच्यावर तिचा भरवसा कमी. म्हणून तिथे सापापासून लांब राहणं हाच उपाय. बुटात हात घालायच्या आधी बूट झटका, फांदी धरायच्या आधी बघा. मियाओत सरकारी रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी दिब्रुगडचं आसाम मेडिकल कॉलेज, आणि तिथे पोचायला गाडीनेही बराच वेळ जातो.

विजयनगरपर्यंत गाडी नेता येईल का?

रस्ता तिथपर्यंत आहे, पण तो पर्यटकाचा रस्ता नाही. विजयनगर तीन बाजूंनी म्यानमारने वेढलेलं. साठच्या दशकात आसाम रायफल्सचे निवृत्त जवान तिथे वसवले गेले, आणि वाटेतल्या गांधीग्रामच्या परिसरात लिसू, म्हणजेच योबिन, लोक राहतात. दरडी पडल्या की त्या लोकांना आठवडाभर पायी चालत मियाओ गाठावं लागत असे, मीठही पाठीवरून न्यावं लागे. त्यांच्यासाठी तो रस्ता म्हणजे दवाखाना आणि रेशन. तिथे गाडी अडवून ड्रोन उडवणाऱ्या मंडळींविषयी मियाओत काय बोलतात ते आम्ही ऐकलं आहे. जायचंच असेल तर मियाओच्या कार्यालयात रीतसर विचारा, तिथल्या चालकासोबत जा, आणि वाटेतल्या माणसाला जागा असेल तर गाडीत घ्या.

लहान मुलं, आई-बाबा?

दहा वर्षांवरची मुलं देबानपर्यंत मजेत येतात. गुडघे धरलेल्या आई-बाबांना गाडीचे धक्के सोसवत नाहीत, त्यांना काझीरंग्यात दोन दिवस आरामात ठेवा.

नागपुरात सराव कुठे करावा?

मित्राच्या वावरात, त्याला विचारून, पीक निघाल्यावर. कुही किंवा काटोलकडे ओळखीचं कोणाचं तरी असतंच. मुद्दाम गाडी रुतवा आणि मुद्दाम काढा. दोर कुठे बांधायचा, जॅक कुठे लावायचा, हे हाताला माहीत झालं पाहिजे. जंगलात किंवा तलावाच्या काठावर घुसू नका, तिथे वनरक्षक योग्यच कारवाई करतो.

परत येताना काय आणावं?

फालाप चहा. ऑर्किड नाही, नदीतले दगड नाही, पिसं नाही. चौकीवर झडती होते आणि वन्यजीव कायदा पिसालाही लागू आहे. गाडी मात्र मियाओतच धुऊन घ्या, खालून, चाकांच्या आतून. तिथल्या गाळात तिथल्या वेलींचं बी असतं. आम्ही पहिल्या खेपेला धुतली नव्हती. आपल्या वाडीच्या वॉशिंग सेंटरवरच्या पोऱ्याने खालून पाइप लावला, पिवळट गाळाचा ढीग बघितला आणि विचारलं, "भाऊ, कोणत्या वावरातून आणली जी?"